रकाना सातवा

वायंगणखोलच्या माथ्यावर, जिथे नकाशात
नुसता हिरवा रंग सांडलेला आहे,
धाकू झोरे कोयतीने एक वेल तोडतो, म्हणतो,
"हयसून सुरू होता."

मला काहीच दिसत नाही.
पाचोळा, किंजळीची मुळं, एक वाळकं वारूळ.
मग नजर हळूहळू आडवी होते
आणि डोंगराच्या पोटावर उमटते
टाक्यांच्या जुन्या व्रणासारखी रेघ,
दीड हात रुंद, गुडघाभर खोल,
डोंगर वळेल तशी वळलेली,
कुठेही घाई न केलेली.

मी खाणखात्याचा मोजणीदार.
खांद्याला यंत्र, पिशवीत टेप, आणि छापील तक्ता.
त्यातला रकाना सातवा: क्षेत्रातील जलस्रोत.
नदी. ओढा. विहीर. तलाव. अन्य.
जुना भाडेपट्टा कुणीतरी नव्याने मागितलाय.
"निरंक" लिहिलं की सगळ्यांनाच बरं पडतं.

धाकू पुढे, मी मागे.
काठावर बुटाला लागतो तो दगड नव्हे, कीट.
धावडांच्या भट्टीतून ओघळलेलं,
बुडबुड्यांसकट थिजलेलं, काळं.
कोळशासाठी त्यांनी किती ऐन पाडले
ते लिहायला तेव्हा तक्ता नव्हता.
फाळ झिजले, कोयत्या झिजल्या,
उरलं एका शेताचं नाव: भट्टीचा कुणगा.

मग कंपनी आली.
माती धुऊन लोखंड काढायचं होतं,
म्हणून पाट रुंद केला, वहाळ वळवला.
धाकूची आई सातूबाई डोक्यावरून पाट्या वाहायची.
चाळीस पाट्यांना एक पितळी बिल्ला,
बिल्ल्यावर नंबर, नाव नाही.
धुतलेला दगड बंदरावर गेला, तिथून बोटीत.
धुवण खाली गावात.
तीन वर्षं पोफळी लाल पाणी प्यायल्या.
चौथ्या वर्षी कंपनी उठली.
खड्डा भरला, निळाशार झाला,
त्यात अजून म्हशी उतरत नाहीत.

"पन पाट कंपनीचो नाय," धाकू थांबतो.
"धावडांचोव नाय."
मग कुणाचा?
तो पान थुंकतो, वाकतो,
ओली माती मुठीने काठात दाबतो.
"जो कुर्लेचां बीळ बुजयता, तेचो."

उतार कसा धरला असेल, तेही सांगतो.
पोफळीच्या विरीत पाणी घ्यायचं,
विरी काठावर ठेवायची, पाणी कुठे झुकतं बघायचं.
दहा पावलांना एक बोट.
मी उगाचच यंत्र लावतो.
दहा पावलांना एक बोट.
एका ठिकाणी पाऊण.
"थय खडक लागलो आसतलो," धाकू म्हणतो,
जणू खणणाऱ्याची बाजू घ्यायला तो कोर्टात उभा आहे.

भेडल्या माडाची पोखरलेली पन्हळ ओलांडली
आणि आवाज आला. पाणी नंतर दिसलं.
झऱ्याचं, बारीक, मनगटाएवढं.
खाली बागेच्या तोंडाशी परीक्षा संपलेली एक मुलगी
फावडं घेऊन उभी होती, गोपिका धुरी.
पावणेतीनला पाळी बदलते.
मोबाईल वाजला. तिने मातीचं एक ढेकूळ इकडून उचललं,
तिकडे ठेवलं.
पाण्याने जरासा विचार केला आणि वळलं.

"अन्य" च्या पुढे दोन बोटं जागा असते.
मी लिहिलं: पाट. लांबी तीन किलोमीटर एकशे चाळीस मीटर.
मालकी: कुर्लीचं बीळ बुजवणाऱ्याची.
साहेबांनी त्याभोवती लाल गोल काढला,
बाजूला प्रश्नचिन्ह. फाइल त्यांच्या टेबलावर आहे.

मधूनच धाकूचा फोन येतो.
"सायेब, वरच्या वळणार परत भोक पडलां."
मी इथे सातव्या मजल्यावर, पंख्याखाली.
मी काय करणार.
तरी विचारतो, केवढं?
"मुठीएवढां."
कुणाच्या मुठीएवढं, विचारतो,
आणि स्वतःची मूठ वळून बघतो.